टीव्हीचा डोळा

मस्कतला नोकरीला असलेल्या माझ्या धाकट्या दिराने तिकडूनच मोबाईलवर टीव्ही मागवला आणि एका सकाळी म्हापशाच्या दुकानाचा टेंपो धारगळला आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने आधी कळवलंच नव्हतं. घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता आणि मुलगी शिक्षणासाठी फोंड्याला हॉस्टेलवर असते. टेंपोतली माणसं खोका आत आणायला लागली, तेव्हा सासूबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "आमी कोणी मागवलो नाय. परत व्हरा," असं त्यांचं चाललं होतं. मी दिराला फोन लावला. त्याने हसत हसत मान्य केलं, तेव्हा कुठे त्या बाजूला झाल्या.

टीव्ही केवढा मोठा असेल याचा आम्हाला अंदाज नव्हता. हॉलच्या ज्या भिंतीवर तो बसणार होता तिथे सासऱ्यांचा फोटो होता. तो उतरवून देवाच्या खोलीजवळच्या भिंतीवर लावावा लागला. फोटोच्या मागे भिंतीवर जो पांढरा चौकोन राहिला होता, तो टीव्हीखाली झाकला गेला.

रात्री दिराचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून त्याला टीव्ही दाखवला. तो मोठ्या खुशीत होता. आईला म्हणाला, "आता तू दिवसभर काय करतंस, कोणाकडे गजाली मारतंस, ता सगळा माका हंयसून दिसतला हां!" आम्ही सगळे हसलो. सासूबाईही हसल्या असाव्यात असं मी तेव्हा धरून चालले. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं सांगते. पहिल्या दिवसापासून मला त्या टीव्हीचं चित्र खटकत होतं. सगळं भडक. बातम्या देणाऱ्या बाईचे गाल जास्वंदीसारखे लाल, शेतं दाखवली तर हिरवा रंग इतका की डोळे दुखावेत. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बरो दिसता मगे. नवो आसा म्हणान तसो." पण मी पेडण्याला एका फार्मसीत काम करते. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं आणि एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांच्या रंगातला फरक बघत बसायचं, हे माझं काम. मला रंगात खोटेपणा चालत नाही.

रविवारी मी रिमोट घेऊन बसले. सेटिंगमध्ये शिरल्यावर एकातून एक पेट्या उघडत गेल्या. चित्राच्याच किती तऱ्हा! एक खेळासाठी, एक सिनेमासाठी, एक नुसती 'विव्हिड' नावाची. टीव्ही तिच्यावर लावलेला होता. दुकानात गिऱ्हाइकाचं लक्ष जावं म्हणून तसा ठेवतात, हे मला नंतर कळलं. मी सिनेमावाली तऱ्हा निवडली, रंग उतरवला, धार कमी केली, उजेड थोडा खाली आणला. माणसं माणसांसारखी दिसायला लागली. सासूबाई पाठीमागे कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून बघत होत्या. त्यांना मी विचारलं, "आता बरा?"

"माका तेतला काय कळता?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तू बटणा दाबतंस ती तेका कशी कळतत? वायर खंय आसा?"

मी रिमोटबद्दल काहीतरी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही, एवढं मला दिसलं.

पुढच्या आठवड्यात मी संध्याकाळी कामावरून आले, स्कूटर लावली, चहा ठेवला आणि टीव्ही लावला, तर चित्र काळवंडलेलं. ग्रहण लागल्यावर अंगणात जसा उजेड पडतो, तसं. मी सेटिंगमध्ये गेले. माझे आकडे जिथल्या तिथे होते. मग चित्र काळं का? मी उजेड वाढवला. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी टीव्ही लावला, तर डोळ्यांवर झोत मारल्यासारखं चित्र. उजेड पुन्हा खाली आणला. दुसऱ्या दिवशी परत अंधार.

पहिला संशय नवऱ्यावर. त्याची पाळी बदलली की तो दुपारी घरी असतो आणि क्रिकेट बघतो.

"तुमी सेटिंगाक हात लायलो?"

"मियां हात लावक नाय. माका तेची सवडच नाय."

"मग आपोआप बदलता?"

"तूच काल काय तरी केलंस आणि आज विसरलंस," असं म्हणून त्याने पेपर तोंडासमोर धरला. त्याच्या बोलण्यात काहीच लपवलेलं वाटत नव्हतं, पण मला त्यातही संशय आला. इतक्या सहजपणे माणूस खोटंच बोलतो, असं वाटलं.

मग दुकानावर. मी म्हापशाला फोन केला आणि तिथल्या माणसाला सरळ विचारलं, "तुम्ही आम्हाला दुकानात लावून ठेवलेला पीस दिला की काय?" तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मग म्हणाला, "ताई, ह्या टीव्हीला खाली मधोमध सेन्सर आहे. खोलीत उजेड किती आहे ते बघून तो चित्र कमी-जास्त करतो. समोर काही वस्तू ठेवलीय का?"

"काही नाही," मी म्हटलं. मी टीव्हीसमोरच उभी होते. टीव्हीखालच्या मेजावर फुलदाणीसुद्धा नव्हती.

"मग जनेलं उघडी-बंद होत असतील," तो म्हणाला. आमच्याकडचाच होता. खिडकीला जनेल म्हणाला, तेवढ्याने माझा राग थोडा उतरला. विश्वास मात्र बसला नाही.

उरल्या सासूबाई. दिवसभर घरी त्याच. पण त्या रिमोटला हात लावत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना मालिका बघायची असली की शेजारची मुलगी येऊन लावून देते. तरीही मी कामावरून आले की आधी रिमोट कुठे आहे ते बघायला लागले. सकाळी जाताना तो ठरावीक कोनात ठेवून जायचे. संध्याकाळी तो त्याच कोनात असायचा. म्हणजे हात लावलेला नाही, किंवा हात लावून पुन्हा तसाच ठेवलेला आहे. संशय शिरला की माणसाला दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या वाटतात.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाथरूमच्या आरशाला मी टिकल्यांची पाकिटं लावून ठेवते. एक बारीक काळ्या टिकल्यांचं, एक मरून रंगाचं. रोज कामावर जाताना मरून, आणि अंगावर काळा-पांढरा ड्रेस असला तर काळी. दोन्ही पाकिटं मी वापरते त्यापेक्षा लवकर रिकामी होत होती. मुलगी तर हॉस्टेलवर. घरात टिकली लावणारी बाई मी एकटी. सासरे गेले त्या दिवशी वाड्यावरच्या बायकांनी सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू पुसलं, तेव्हा मी तिथेच होते. आता कितीतरी घरांत नवऱ्यामागे बायका टिकली लावतात, पण आमच्या वाड्यावर अजून ते कुणी केलेलं नाही. त्यामुळे टिकल्यांच्या बाबतीत मला त्यांचं नावसुद्धा सुचलं नाही. कामाला येणाऱ्या बाईवर मी मनातल्या मनात आळ घेऊन ठेवला.

एका सुट्टीच्या दुपारी मी हॉलमध्ये एकटीच टीव्ही बघत होते. चित्र नेहमीसारखं मेलेलं होतं आणि मी उजेड शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. बघता बघता अचानक सगळा पडदा लख्ख पेटला. मी दचकून उठले. तेवढ्यात टीव्हीखालच्या मेजावर काहीतरी बारीक काळं पडलेलं दिसलं. मला वाटलं किडा. बोटाने उचललं, तर ते बोटालाच चिकटलं. माझी काळी टिकली.

मी वाकून टीव्हीच्या खालच्या कडेला बघितलं. तिथे काळ्या काचेचा लहानसा उंचवटा होता आणि त्यावर गोंदाची गोल खूण. काळ्यावर काळं, तिथे टिकली होती हे डोळ्याला दिसणारच नव्हतं. दुकानवाल्याने विचारलेला सेन्सर तो हाच. पावसाळी हवेत गोंद सुटायचा, टिकली पडायची, चित्र पेटायचं. मग कोणीतरी नवीन लावायचं आणि टीव्हीला वाटायचं खोलीत रात्र झाली.

सासूबाई रांदचे कुडीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, हात पुसत बाहेर आल्या. माझ्या बोटावरची टिकली बघितली आणि जागच्या जागी थांबल्या.

"आई, ही हंय कोणी लायली?"

"मीच लायली," त्या म्हणाल्या. आवाजात घाबरणं नव्हतं. "तेचो डोळो झाकलो."

"कसलो डोळो?"

"तो आमका बघता. तुझ्या दिरान सांगल्यान ना? तेका थंयसून सगळा दिसता. दुपारची मी हंय पदर टाकून आडवी होतंय. तेणा कित्याक बघूचा?"

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते मी आतच ठेवलं. "आई, तो गमतीन बोललो. हातूंत कॅमेरा नाय."

"तुका कोणी सांगला?"

"दुकानवाल्यान."

"तो विकणारो. तो खरा सांगात?"

मीच आदल्या आठवड्यात त्या माणसावर वापरलेला पीस दिल्याचा आळ घेतला होता. त्यांची खात्री पटवायची म्हणून मी रिमोट घेतला आणि सेटिंगची एकेक पेटी त्यांच्यासमोर उघडायला लागले. उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय सापडली, ती बंद केली. पुढे जात जात एका पानावर आले आणि वाचता वाचता माझा आवाज हळू झाला. तुम्ही काय बघता, किती वेळ बघता, त्याची माहिती आम्ही घेतो आणि त्यावरून तुम्हाला आवडेल ते सुचवतो, अशा अर्थाचं काहीतरी होतं. आणि ती सोय चालू होती.

"काय लिवलां?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"मगे बघ!" त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी ती सोय बंद केली. पण बंद म्हणजे खरंच बंद झाली का, हे कसं कळायचं? त्या संध्याकाळपासून मीसुद्धा हॉलमध्ये केस मोकळे सोडून विंचरेनाशी झाले.

चित्राचा प्रश्न सुटला होता. कामवाल्या बाईवरचा आळही मी मनातून काढून टाकला. पण नंतर एक गोष्ट टोचत राहिली. टीव्हीवर लागत होती ती काळी टिकली. मग मरून पाकीट का रिकामं होत होतं?

फार्मसीच्या मालकांच्या घरी कुणीतरी वारलं म्हणून एकदा आम्ही दुपारीच शटर ओढलं. स्कूटर पंक्चर झाली होती, म्हणून बसने हमरस्त्यावर उतरून चालत आले. त्यामुळे घरी माझी चाहूल लागली नाही. बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या ओसरीतून, आत बघितलं तर हॉलची जनेलं लावलेली, दार मात्र अर्धवट लोटलेलं. टीव्ही बंद होता. सासूबाई त्याच्यासमोर, थोड्या दूर, सरळ उभ्या होत्या. डोक्यावरून पदर नव्हता. कपाळावर मरून टिकली होती. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत त्या पूर्ण दिसत होत्या, डोक्यापासून पायांपर्यंत, आणि त्या स्वतःकडे बघत होत्या. हसत नव्हत्या की रडत नव्हत्या. ओळखीचं माणूस बाजारात लांबून दिसलं, तर तेच की दुसरं कोणी म्हणून आपण थांबून बघतो, तसं बघणं.

मी चपला हातात घेतल्या आणि तशीच मागे फिरले. गेटाबाहेरच्या माडापर्यंत गेले, मग मुद्दाम पाय वाजवत, गेट आपटत परत आले. मी आत शिरले तेव्हा जनेलं उघडली जात होती आणि कपाळ मोकळं होतं. फक्त दोन भिवयांच्या मधे कातडी ओढल्यासारखी बारीक खूण होती.

"आज बेगीन?" त्यांनी विचारलं.

"शटर बंद केला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांना बघितलंय हे त्यांना कळलंय का, हे मला कळेना. पुढचे काही दिवस आम्ही दोघी एकमेकींकडे चोरून बघत होतो. जेवताना माझी नजर त्यांच्या कपाळाकडे जायची आणि वर बघितलं तर त्यांची नजर माझ्यावर असायची. नवऱ्याला यातलं काही मी सांगितलं नाही. तो वाईट माणूस नाही, पण तो काय बोलेल याची मला खात्री नव्हती. चेष्टा केली असती तर मला ती सहन झाली नसती.

मग पुढचा रविवार आला. आपोआप उजेडाची सोय बंद केल्यामुळे चित्र पुन्हा पहिल्यापासून लावायला हवं होतं. मी रिमोट घेऊन बसले आणि सासूबाईंना जवळ बोलावलं. "तुमीच सांगा, कसा होया. दिसभर तुमीच बघतात."

त्या आल्या. टीव्हीवर दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी, नाटकाचं चित्रण चाललं होतं. राणीचं काम करणारा नट मोठा शालू नेसून बोलत होता. सासूबाई त्यात जाणकार. लहानपणापासून पेडण्याच्या जत्रांना जागलेल्या.

"हेचो शालू असो नाय आसणा. पोपटी दिसता. जरा उतरय," त्या म्हणाल्या. मी रंग उतरवला. "आता तोंड कावीळ झाल्यासारखा." मी पुन्हा चढवला. असं करत करत बराच वेळ गेला. त्यांना सगळं कळत होतं. सावलीतली माणसं दिसत नाहीत, दिव्याचा पिवळा जास्त आहे, सगळं बरोबर. शेवटी राणीचं तोंड जवळून दाखवलं.

"हेची टिकली काळी दिसता," त्या म्हणाल्या. "ती काळी नसतली. मरून आसतली."

"मरून म्हणजे कसो?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते कसं गेलं मला सांगता येणार नाही. मी ठरवून विचारलं नव्हतं. "तुमच्याकडे आसा तसो?"

टीव्हीतली राणी तावातावाने भांडत होती. मग त्या म्हणाल्या, "आसा," आणि उठल्या. देवाच्या खोलीत गेल्या, फळीवरचा वातींचा डबा काढल्याचा आवाज आला, आणि बाहेर आल्या तेव्हा बोटाच्या टोकावर एक मरून टिकली होती. बोट टीव्हीच्या पडद्याजवळ नेऊन राणीच्या कपाळाशेजारी धरलं. "असो," त्या म्हणाल्या.

मी लाल थोडा वाढवला. अजून थोडा. "बस," त्या म्हणाल्या. दोन्ही टिकल्या एका रंगाच्या दिसायला लागल्या.

चित्र लागलं, पण त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. ती टिकली आता परत कुठे ठेवायची, असं त्यांना झालं असावं. मी रिमोट खाली ठेवला आणि पडद्याकडेच बघत राहिले. थोड्या वेळाने त्या माझ्या शेजारी बसल्या, तेव्हा टिकली कपाळावर होती.

"आरशात नाय बघवत," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "हातूंत सुरकुत्यो दिसनत नाय. म्हणान हंय बघतंय."

"बरी दिसतात," मी म्हटलं.

"तू त्या दिसा दाराकडसून परत गेल्लंस ना?"

मी मान हलवली. नवरा दुसऱ्या पाळीवरून घरी येईपर्यंत त्यांनी टिकली काढून ठेवली होती.

मग असं ठरून गेलं. ठरवलं कोणीच नाही. आम्ही दोघीच घरात असलो की टिकली असते. बेल वाजली की नसते. मला कधी कधी त्याचा राग येतो आणि त्यांना तो दिसू देऊ नये एवढं मला कळतं.

चतुर्थीला दीर यायचा होता. विमान संध्याकाळचं आहे असं त्याने कळवलं होतं. तो आला दुपारीच, न सांगता, टीव्हीसारखाच. आता मोपाचा विमानतळ आमच्यापासून इतका जवळ आहे की उतरल्याचा फोन येण्याआधी माणूस दारात. मी आणि सासूबाई हॉलमध्ये गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी आणलेली फळं बांधत बसलो होतो. दार उघडंच होतं. तो बॅगा घेऊन आत शिरला आणि समोर आईला बघून थांबला.

सासूबाईंचा हात कपाळाकडे वर गेला. अर्ध्यावर गेला आणि मांडीवर परत आला.

माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. त्याच्या कपाळावरची एखादी आठीसुद्धा सुटू नये म्हणून मी बघत होते. तो आईकडे बघत होता, मग त्याने नजर काढून भिंतीवरच्या टीव्हीकडे वळवली आणि बॅगा खाली ठेवल्या.

"जेवण आसा मगे, आई?" त्याने विचारलं.

"आसा. पाय धू," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्या आता टिकली काढून येणार, असं मला वाटलं. ताट घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती तशीच होती. त्याने मान खाली घालून जेवण केलं, दोनदा आमटी मागून घेतली, तिकडच्या उकाड्याबद्दल बोलला. नवरा संध्याकाळी आला, त्यानेही बघितलं. दोघे भाऊ बाहेर बाल्कांवात बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत बसले होते. मी चहा घेऊन गेले तर गप्प झाले. काय बोलले ते मला अजून माहीत नाही. टिकलीबद्दलच बोलले असतील असंही नाही.

दीर होता तेवढे दिवस त्याने टीव्ही पुन्हा भडक करून ठेवला. त्याला चित्र फिकट वाटत होतं. तो गेला त्या संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा सासूबाईंनी रिमोट उचलून माझ्या हातात दिला. त्यांनी रिमोटला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"आता परत आमच्यासारखा कर," त्या म्हणाल्या.